पाहुण्याचा नारळ

पंचवटी, नाशिक
१५ एप्रिल २०२५

चि. सौ. सविता हीस सहादूदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. सुखरूप म्हणजे हातपाय जागेवर आहेत. डोकं अजून साळवंडीच्या जत्रेतच तापत उभं आहे. फोन मुद्दाम केला नाही. भाजी करपते म्हणून तू मध्येच ठेवला असतास. पत्र मध्ये तोडता येत नाही.

तू बायकांत मागे बसली होतीस, त्यामुळे पुढे काय घडलं ते तुला नीट कळलं नसणार. मुलींच्या शेवटच्या कुस्तीची जोड लावताना कमिटीचा अध्यक्ष केरूआप्पा याने तुझ्या चैतालीचं आधार कार्ड मागितलं. त्यावर 'तालुका कळवण' वाचलं आणि म्हणाला की बागलाण केसरीची गदा बागलाणच्या पोरींसाठी, कळवणवाल्यांनी कळवणात खेळावं.

मी त्याला शांतपणे समजावलं. शांतपणेच, कडेला नारळ विकणारी बायडाबाई शेजारीच होती, तिला विचार. म्हटलं, आप्पा, बागलाण तालुका ही सरकारी वाटणी आहे. सटाण्याभोवतीच्या गावांना जुन्या मुलखाचं नाव दिलं, म्हणून तो मुलूख काही तेवढ्यात मावत नाही. मुल्हेरच्या बागुल राजांचं बागलाण तुमच्या तहसील कचेरीच्या कुंपणाशी संपत नव्हतं. कळवण त्यात, आमची कनाशी त्यात. हातगड आज सुरगाणा तालुक्यात मोजतात, पण तिथल्या कातळावर बागुल राजाच्या विजयाचा लेख आहे. मी तो बोटाने चाचपून वाचलाय. माझी शाळा सातवीत सुटली, गड सुटले नाहीत. पंचवटीत किल्ल्या घासून पोट भरतो, पण कुठलं कुलूप कुठल्या दाराचं एवढं मला कळतं.

तर हा गृहस्थ म्हणाला की राजे गेले, आता तहसीलदार आहेत! लोक हसले. मग मीही माइक घेतला आणि विचारलं, की आप्पा, तुमची आजी कळवणातून आणली तेव्हा वरात परदेशी गेली होती का? त्यावर हलगीवाल्याने अशी थाप मारली की आप्पाचे कान लाल झाले. तेवढ्यात गारा आल्या आणि शेवटच्या कुस्त्या ४ मेवर गेल्या.

मी सोडणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज लिहायला घेतला आहे, नकाशासकट. जिंकणाऱ्या पोरीला मामाने फेटा बांधायचा म्हणून घेतलेला भगवा फेटा दुकानात किल्ल्यांच्या खिळ्याला तसाच लटकतोय. येता-जाता तो दिसतो आणि पुन्हा टाळकं फिरतं.

हिरामणरावांना नमस्कार, चैतालीला शाबासकी. माया आहेच, राग उतरला की जास्त दिसेल.

तुझा,
सहादूदादा

कनाशी, ता. कळवण
२० एप्रिल २०२५

ती. सहादूदादास सविताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आप्पाची आजी लिहिलीस, हातगडाचा लेख लिहिलास, हलगीची थापसुद्धा लिहिलीस. एकच गोष्ट राहिली, आणि ती पोरीनेही घरी सांगितली नव्हती. ती काल केरूआप्पाच्या पुतण्याने, संतोषने, येऊन सांगितली. दोन कप चहा पिऊन सांगितली, म्हणजे खरी असणार.

गारांच्या आधी पंचांनी वाट काढली होती म्हणे. पोरीला पाहुणी म्हणून उतरवायचं. गदा नाय मिळणार, पण कुस्ती तीच, गेल्या वर्षी जिंकलेल्या उज्वलाशी. आणि नाशिकच्या तालमीतले वस्ताद समोर बसून बघणार, ज्यांना यंदा दोनच मुली घ्यायच्या आहेत. रीत एवढीच, की पाहुण्या पैलवानाच्या मामाने आखाड्याच्या कडेला नारळ फोडायचा. तुझ्या हातात नारळ दिला, आणि तू तो परत केलास. म्हणालास की स्वतःच्या घरात कोणी पाहुण्याचा नारळ फोडत नसतो.

लय मोठं बोललास, दादा. टाळ्या पण पडल्या म्हणे. टाळ्या ऐकून पोरगी तालमीत जात नाय.

हे कालपासून एकच म्हणतात, की वस्तादांनी घेतली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायची. त्यांच्या मावशीने एक आणलंय पण, नांदगावचं. तुझ्या राजाचं बागलाण मोठं होतं, मला पटतं. पण पोरीला राजाने बोलावलेलं नाय, संतोषने बोलावलंय. ४ मेला पाहुणी म्हणून उतरायचं ते बोलावणं अजून उभं आहे. नारळ बाप फोडेल म्हटलं तर पंच नाही म्हणतात, मामाच लागतो. आता अर्ज लिहीत बस, नाहीतर गाडी धर.

थोरांना शिकवलं म्हणून रागावशील. रागाव, पण ये.

तुझी,
सविता

कनाशी
२१ एप्रिल २०२५

ती. मामांना चैतालीचा सा. न.

आईने पाकीट बंद करायच्या आधी हा कागद आत टाकतेय, तिला माहीत नाही.

मामा, आपण बागलाणचे हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. हातगडावर माझं बोट धरून त्या अक्षरांवरून तुम्हीच फिरवलं होतं, मी दुसरीत होते. केरूआप्पाने नाही म्हटलं तेव्हा मला वाईट वाटलं. तुम्ही नाही म्हटलंत तेव्हा राग आला. मी तिथेच कुस्तीचे कपडे घालून, अंगाला माती लावून उभी होते. मला एकदा विचारायचं तरी.

उज्वला माझ्यापेक्षा उंच आहे, पण डावा पाय पुढे टाकते. मला ढाक मारून तिला पाडता येईल.

तुमची,
चैताली

पंचवटी, नाशिक
२५ एप्रिल २०२५

चि. चैताली हीस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा कागद दुकानात उभ्यानेच वाचला. गिऱ्हाईक किल्लीसाठी थांबलं होतं, ते थांबूनच राहिलं. मी संतापलेलाच आहे आणि संतापलेलाच राहणार. पण तो राग आप्पाच्या वाटणीचा होता, तुझ्या ताटात पडायला नको होता. तुला विचारायला हवं होतं. यावर अधिक लिहीत नाही, कारण लिहू लागलो की मी पुन्हा मुल्हेरला पोचतो.

४ मेला पहिल्या गाडीने येतो. माइकला हात लावणार नाही, तुझ्या आईला तसं सांग. तिचा विश्वास बसणार नाही, तरी सांग. नारळ मीच फोडेन. फक्त तो कळवणच्या बाजारातून घेईन, साळवंडीचा नाही. एवढा हट्ट माझ्याकडे राहू द्या. अर्जही मागे घेत नाही, तो माझा आणि सरकारचा मामला आहे.

फेटा खिळ्यावरून काढून पिशवीत भरलाय. गदा नसली म्हणून काय, पाहुणीला फेटा बांधायचा नाही अशी रीत काही त्यांनी सांगितलेली नाही.

तू खुशाल पाहुणी म्हणून उतर. घर कोणाचं आहे ते उज्वलाची पाठ मातीला लावल्यावर विचारतील.

सविताला म्हणावं, दादा रागावला नाही. चहा मात्र संतोषपेक्षा एक कप जास्त लागेल.

तुझाच,
सहादूमामा