संगणकाच्या धर्मबापांस

मी, बासिलिया कोल्के, कै. झेनोन उआराची यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, धंदा भरतकाम, राहणार ओरुरो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. डॉक्टरांना माझ्या हृदयाची काळजी वाटते. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

कलम एक. घर मुलगी नेलिदा हिला. छप्पर गळते हे तिला ठाऊक आहे, तेव्हा फसवले असे मागाहून म्हणू नये.

कलम दोन. शेजारीण एल्व्हिरा हिने १९९८ साली 'उद्या देते' म्हणून नेलेली जरीची रिळे एल्व्हिरालाच. आता उघडपणे वापरावीत.

कलम तीन, ज्यासाठी हा कागद. भरतयंत्राला जोडलेला जुना संगणक. त्यात झेनोनने काढलेले एकशे बारा नमुने आहेत, एक सोडून सगळे कार्निव्हलच्या राक्षसनाचाच्या झग्यांसाठी. ते दुसऱ्या कुठल्याही संगणकात उघडत नाहीत. २००३ साली फिदेन्सियो आयाविरी यांनी तो बसवला आणि नव्या वस्तूला धर्मबाप नेमायच्या आमच्या रीतीप्रमाणे तेच त्याचे धर्मबाप झाले. रंगीत कागद उधळले, जमिनीवर दारू शिंपडली, याला कधी वाऱ्यावर सोडणार नाही म्हणाले. पुढे एका कंपनीने त्यांना विक्रेता नेमले आणि त्यांची स्मरणशक्ती गेली. कंपनीने म्हणे जुन्या प्रणालीकडे बघणे बंद केले आहे. म्हणून नवी प्रणाली घ्या, तिच्यासाठी नवा संगणक घ्या, त्याच्यासाठी नवे भरतयंत्र घ्या, आणि नमुने नव्याने काढून घ्या. नवा झेनोन कुठे मिळतो, ते त्यांच्या माहितीपत्रकात नव्हते.

गेल्या आठवड्यात फिदेन्सियो पुन्हा आले. पोराची आई ती कोमादरे आणि धर्मबाप तो कोंपादरे, अशीच आमची एकमेकांना हाक.

"कोमादरे, हट्ट सोडा. संपलाय तो आता."

"मीही संपत आलेय, कोंपादरे. मला कुठल्या दुकानात बदलून देता?"

चहा अर्धा टाकून गेले.

तरी, आई गेली की पोर धर्मबापाकडे जाते, ही रीत अजून कुठल्या कंपनीने बंद केलेली नाही. माझ्या मागे संगणक आणि यंत्र फिदेन्सियो यांनी आपल्या दुकानाच्या दर्शनी काचेत, नव्या मालाशेजारी ठेवावे, आणि दर कार्निव्हलच्या मंगळवारी सर्वांदेखत त्यावर रंगीत कागद उधळावेत. नेलिदा तिथे बसून सगळे नमुने कापडावर भरून घेईल. एकतीस झाले आहेत. उरलेले होईपर्यंत त्यांनी त्याला बंद पडू देऊ नये. कापड कुठल्या प्रणालीवर चालते, असे मला आजवर कोणी विचारलेले नाही.

कलम चार. माझ्या लग्नाच्या शालीचा नमुना सर्वांत आधी भरावा आणि ती शाल शेवटच्या निरोपाला माझ्यावर पांघरावी. झेनोनने काढलेला हा एकच नमुना, ज्यात राक्षस नाही. तो नमुना गेला तर मला फार वाईट वाटेल.

साक्षीदार: तोरिबिया लासार्ते, शिंपीण. ओक्ताव्हियो चोकेकाय्यो, मुखवटे करणारा.

सही: बासिलिया कोल्के
ओरुरो, कार्निव्हलआधीचा कोमादरेंचा गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

खाली, वेगळ्या अक्षरात: वाचले. पोर माझ्याकडे येईल. त्याचा पंखा घरघरतो, ते मी त्या दिवशी चहा पितानाच ऐकले होते. उद्या बदलायला येतो, कोमादरे. तोवर दोघांपैकी कोणीही बंद पडू नये. — फिदेन्सियो आयाविरी