माझ्या सुनेला आभाराला उभं करू नये

सगळ्यात आधी आली ती खजिनदारांची बायको. चर्चचे पाळकसाहेब आणि खजिनदार मागून चपला काढत होते, तोवर ही "आजी, किती वाळलात हो" म्हणत थेट आत शिरली आणि मान वर करून छत बघू लागली. मी खाली बिछान्यावर, हिची नजर वर. माझी तब्येत जशी वाशाला टांगली होती.

कोर्टाबाहेर बसतो त्या टायपिस्टने मला बजावलंय, "आजी, मृत्युपत्रात आधी स्वतःची ओळख आणि आपण शुद्धीवर आहोत हे लिहायचं, पाहुण्यांच्या चहाड्या नाही." तर लिहिते.

मी, गिरणीमागच्या दोन खोल्यांच्या घरात राहणारी शिवणवाली, विधवा, वय सत्तरीच्या पुढे, शाळा तिसरीपर्यंत, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो, पण सुईत दोरा अजून मीच ओवते. हे मी कोणी दडपण आणले म्हणून लिहीत नाही. दडपण आणले होते, त्याच्या उलट लिहिते. याआधी मी घराच्या कुठल्याही कागदावर सही केलेली नाही. कोणी तसा कागद दाखवला तर तो माझा समजू नये.

असा कागद आहे, म्हणून हे लिहावं लागतं. पाळकसाहेबांनी डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली. मी एक डोळा उघडा ठेवला, आजारी माणसाला तेवढी सवलत असते. बघते तर खजिनदार टाचेला चवडा लावत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत होते. आमेनला बरोबर दारापाशी पोचले. मग बायकोला हळूच म्हणाले, "मधली भिंत काढली की होईल." चर्चच्या मागे माझं घर, मंडळीला सभागृह हवंय, हे मला ठाऊक आहे. मग खिशातून कागद निघाला. मी हे घर मंडळीला आनंदाने देते, असं त्यात टाइप केलेलं होतं. आनंद माझा आणि टाइप त्यांनी केला.

मी म्हटलं, "अहो, मग माझी सून आणि नात कुठे जातील?"

खजिनदारांची बायको म्हणाली, "त्यांची काळजी कशाला करता आजी? मंडळी आहे ना. मंडळी सांभाळेल."

त्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहायला बसले आहे.

कलम पहिले. माझे राहते घर, दोन्ही खोल्या, मोरी, मागचे अंगण आणि छप्पर, माझ्या पश्चात माझ्या सुनेचे. पूर्णपणे तिचे. तिने विकावे, भाड्याने द्यावे, मधली भिंत काढावी किंवा आणखी एक बांधावी. मंडळीचा त्यात काही हक्क नाही. माझा मुलगा गेला तेव्हा ती तरुण होती, माहेरी जाऊ शकली असती. गेली नाही. माझं अंथरूण ती काढते, आणि काढताना तोंड वाकडं करत नाही. करत असेल तर माझ्याकडे पाठ करून करते, तीही माणुसकीच आहे.

आता मंडळी कशी सांभाळते ते लिहिते, कारण मला मंडळीने सांभाळलेलं आहे.

माझा नवरा गेला, मुलगा कडेवर होता. तेव्हा खजिनदारांचे वडील, थोरले कापडवाले, यांनी मला पायाचं शिलाई मशीन दान दिलं. त्यांच्या दुकानात नवीन आलं होतं, जुनं अडगळीत पडलं होतं. त्याला पट्टा नव्हता. पट्टा मी माझी कर्णफुलं मोडून आणला. मशीनच्या अंगावर मात्र त्यांचं नाव पिवळ्या रंगात रंगवून आलं, ते नवंकोरं होतं.

आमच्या मंडळीत आभाराचा रविवार असतो. ज्याला मंडळीतल्या कोणाकडून काही मिळालं असेल त्याने उपासनेत उभं राहायचं, देणाऱ्याचं नाव घ्यायचं, काय मिळालं ते सांगायचं. देणारा बसून मान खाली घालतो, नम्र दिसावा म्हणून. मला वाटलं एकदा उभं राहायचं आणि झालं. पण दरवर्षी मला इशारा यायचा, "शिवणवाली बाई, उभ्या राहा." मुलगा कडेवरून उतरला, शाळेत गेला, त्याला मिसरूड फुटलं, त्याचं लग्न झालं, आणि त्याची आई त्याच मशीनचे आभार मानत उभीच. एका वर्षी तो मला म्हणाला, "आई, तू आज ताप आलाय म्हण ना." थोरले कापडवाले वारले तेव्हा वाटलं सुटले. तर त्यांचा मुलगा, म्हणजे हेच खजिनदार, म्हणाले, "आता बाबांच्या आठवणीसाठी उभ्या राहत जा."

आणि मशीन मंडळीच्या माणसाने दिलं, म्हणून शिवणही मंडळीचं ठरलं. गायकांचे झगे, वेदीवरची कापडं, खिडक्यांचे पडदे, पाळकीणबाईंच्या उशांचे अभ्रेसुद्धा. मजुरी मागितली तर, "अहो, मशीन कोणाच्या कृपेने?" झग्यांचं कापड कापडवाल्यांनी दिलं हे उपासनेत सांगितलं गेलं. शिवले कोणी हे कोणी विचारलं नाही. जणू कापड आपोआप गळ्यात जाऊन बसलं. माणूस एकदा मिंधा झाला की त्याचं काम कोणाला दिसत नाही, त्याने वाकलेलं तेवढं दिसतं.

माझी सून त्या जागी उभी राहणार नाही. नातही नाही.

कलम दुसरे. सदर शिलाई मशीन खजिनदारांना परत द्यावे. नाव त्यावर त्यांच्याच घराण्याचे आहे. पट्टा माझा आहे, तो काढून ठेवावा. त्यांनी मशीन नेल्यावर आभाराला उभे राहायचे की नाही ते त्यांचे त्यांनी बघावे.

कलम तिसरे. मोठी कात्री नातीला. तिने कागद कापू नये, धार जाते.

कलम चौथे. माझ्या नवऱ्याचा लोकरी कोट, जो मी कोणाला हात लावू दिला नाही, तो घंटावाल्याला द्यावा. हा चर्चची घंटा वाजवतो, झाडतो, आणि दिवसभरात चार शब्द बोलत नाही. नवरा गेल्यावर पहिल्या वर्षी माझं छप्पर गळायचं. एका आभाराच्या रविवारी मी उभी राहून घरी आले तर फुटकी कौलं बदललेली. घंटा वाजवून हा माणूस माझ्या छपरावर चढला होता, का तर तेव्हा सगळे आत असतात, कोणी बघत नाही. मला शेजारणीने सांगितलं. उपासना बुडवली म्हणून पाळकांनी त्याला सगळ्यांसमोर बोल लावला. त्याने ऐकून घेतला आणि खुर्च्या आवरल्या. मी आभार मानायला गेले तर म्हणाला, "कसले?" आणि झाडू लागला. मी प्रभूला मानते ती अशा माणसांमुळे. कोट देताना कोणी भाषण करू नये. याला साक्षीदार करणार होते, पण ज्याला काही मिळतं त्याने सही करायची नसते असं टायपिस्ट म्हणतो.

कलम पाचवे. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन साधेपणाने करावे. उरलेले घंटावाल्याच्या हाती द्यावे. ज्यांच्या घरी चूल पेटली नसेल त्यांच्या दारात त्याने सामान ठेवून यावे आणि कोणाच्या ते सांगू नये. पाळकसाहेबांनी विचारले तर त्याने घंटा वाजवायला जावे. मी मंडळीवर रुसले आहे, प्रभूवर नाही, म्हणून हे कलम आहे.

कलम सहावे. माझ्या थडग्यावर दगड सुनेने तिला परवडेल तसा बसवावा. कोणी दान देऊ केला तर नको म्हणावे. मला तिथून उठून उभं राहता येणार नाही.

हे सगळं कडू झालंय, पण मी आज खुशीत आहे आणि त्याचं कारण लिहिल्याशिवाय सही करणार नाही. खजिनदारांची बायको "मंडळी सांभाळेल" म्हणाली तेव्हा सूनबाई चहा घेऊन आली होती. ही मुलगी पाहुण्यांपुढे कधी तोंड उघडत नाही. तिने कप ठेवले, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "नको बाई. माझे गुडघे दुखतात, मला इतकी वर्षं उभं राहायला जमणार नाही." पाळकसाहेबांना ठसका लागला. खजिनदार साखर ढवळतच राहिले. मी तोंडावर पांघरूण घेतलं, त्यांना वाटलं कळ आली.

ते गेल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, तुझे गुडघे कधीपासून दुखतात?"

म्हणाली, "तुमचे बघून."

वरील सर्व मी स्वतः लिहिले, सुनेला वाचून दाखवले नाही, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

शिवणवाली (सही, आणि सही पुसट आली म्हणून अंगठाही)

साक्षीदार: कोर्टाबाहेरचा टायपिस्ट
साक्षीदार: मला इंजेक्शन द्यायला येणारी नर्स

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: महिन्याची चौथी, सोमवार

ता. क. कागद घेऊन बुधवारी चहाच्या वेळेला परत येतो असं पाहुणे सांगून गेले आहेत. तोवर मी असले तर "या, बसा" म्हणेन. नसले तर बसा म्हणायचं की नाही ते घराच्या मालकिणीने ठरवावं.