पंचमीला फुटलेलं मडकं

॥ श्री ॥
श्रीरामपूर, ३० जुलै १९७१

सौ. चांगुणा हीस मुक्ताबाईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

सुखरूप पोचले. पंचमीला माहेरी आलेली नणंद भरल्या ताटावरून उठून एस.टी.त बसली, याचं तुला वाईट वाटलं असेल. पण मी काय करायचं होतं? मागच्या खोलीत गूळ काढायला गेले, तर फडकं बांधलेलं मडकं आणि दारूचा भपकारा! ज्या भावासाठी आदल्या दिवशी उपवास धरला, त्याच्या घरात हे! आईच्या शेवटच्या दुखण्यात तिच्या पायांना हात लावून कानिफने दारू सोडली होती. म्हणून मडकं अंगणात आणून फोडलं, आणि आईची शपथ विकून खाल्लीस, असं आळीदेखत त्याला म्हणाले. तो मान खाली घालून उभा राहिला. खोटं असतं तर बोलला नसता का?

एक मात्र मनाला लागून राहिलंय. पंचमीला आपण भाजीसुद्धा चिरत नाही, आणि माझ्या हातून मडकं फुटलं. माझी साखर पुन्हा वाढली आहे. त्याच्यावर लक्ष ठेव आणि खरं ते कळव.

तुझी,
मुक्ताबाई


॥ श्री ॥
अकोले, ८ ऑगस्ट १९७१

ती. वन्सं यांस चांगुणाचा सा. न. वि. वि.

उत्तर लिहायला हात धजत नव्हता. तिने विचारलं नाही, तर आपणही सांगायचं नाही, असं ह्यांनी बजावलं होतं, पण आता गप्प बसवत नाही. वन्सं, मडक्यात दारू नव्हती. जांभळाचा रस आंबवून करतात तो शिरका होता, तुमच्यासाठी. साखरेच्या आजाराला तो चांगला, असं इथल्या वैद्यांनी सांगितलं, तर हे स्वतः झाडावर चढले. जांभळं कुसकरून गूळ घातला, आणि रोज सकाळी लाकडी पळीने ढवळायचे. आंबट होण्याआधी त्याला दारूसारखाच वास सुटतो, त्याला इलाज नाही. भाऊबीजेला तुमच्या हातात बाटली ठेवायची होती.

मी अंगणातच उभी होते. एक शब्द बोलले असते तर हे टळलं असतं, पण तुमच्या रागापुढे जीभ उचलली नाही. दोष माझाही आहे. खापराच्या बुडाशी वाटीभर रस राहिला होता, तो बरणीत झाकून ठेवलाय. हे कुणाशी बोलत नाहीत. आळीतली माणसं हसत विचारतात, पुढचं मडकं कधी लावनार म्हणून.

लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्यावं.

आपली,
चांगुणा


॥ श्री ॥
श्रीरामपूर, १२ सप्टेंबर १९७१

चि. कानिफनाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

चांगुणाचं पत्र येऊन महिना झाला. रोज लिहायला बसते आणि लाज वाटून उठते. लहानपणी तुला कुणी वेडंवाकडं बोललं तर मी पदर खोचून भांडायला जायची, आणि त्याच आळीत मीच तुझी अब्रू काढली. मडक्याचा वास घेतला, तुझ्या तोंडाचा घ्यायचं सुचलं नाही. साधं विचारलंसुद्धा नाही रे.

आपल्या गावाकडे निघालेल्या शेजारच्या सहादेवबरोबर पेरूंची पाटी पाठवते आहे. जांभळं आता कुठली मिळायची? यांचाच शिरका लाव. औषध होवो न होवो, तुझ्या हातचा म्हणून घेईन. भाऊबीजेला ये. तू आला नाहीस तर ओवाळणीचं ताट मी काढणारच नाही.

तुझी चुकलेली,
आक्का


॥ श्री ॥
अकोले, ३ ऑक्टोबर १९७१

ती. आक्कास कानिफचा दंडवत.

पेरू पोचलं. चांगुणानं राखलेला रस घालून नवं मडकं लावलंय. तुझ्यावर राग न्हाई. लई दिवस हुता, आता न्हाई.

पर एक गोष्ट चांगुणालाबी सांगितली न्हाई. जांभळाचं मडकं ढवळताना मला कधी दारू आठवली न्हाई. आक्काचं औषध, येवढंच डोक्यात हुतं. आता फडकं सोडलं का तुझं बोलनं कानात येतं, आन् वास दारूचाच येतो. परवा पळी व्हटापातुर गेल्ती. तशीच टाकून भाईर आलो. मडकं वतून द्यावं तर तुझे पेरू हायेत. आईला काय तोंड दावू?

भाऊबीजेला मी येनार न्हाई. तूच ये. आंबट होईस्तवर ऱ्हा. मडकं तू ढवळ, मी लांब बसतो.

तुजा,
कानिफ


॥ श्री ॥
श्रीरामपूर, ७ ऑक्टोबर १९७१

चि. कानिफ यास आशीर्वाद.

पत्र आत्ताच मिळालं. भाऊबीजेची वाट बघत नाही, परवाच्या पहिल्या गाडीने निघते. आधी आळीत उभी राहून माझी चूक सांगेन, मग घरात पाऊल टाकेन.

तोवर मागच्या खोलीला कडी घाल आणि मडक्याजवळ जाऊ नकोस. ढवळलं नाही म्हणून नासलं तर नासू दे. मी शिरक्यासाठी येत नाही.

तुझी,
आक्का