ग्रीसच्या निप्पलांबाबत खुलासा

वैशाखरे, ओसरीवरून
मार्गशीर्षातला गुरुवार (घरात बायकांचा उपवास, म्हणून मला फक्त चहा)

रा. रा. रविंद्रराव साडूभाऊ, मुक्काम वाशिंद, यांस,

देवजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. हात अजून चिकट आहेत, त्यामुळे जोडले ते सुटायला वेळ लागला, तेवढा नमस्कार जास्तीचा धरावा. इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण बाकी तिची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे आणि बोलणं तर फारच बरं आहे, ते पुढे येईलच. तुमची पाठ कशी आहे? कंपनीत रात्रपाळी बंद झाली का? अनिताचं पित्त कमी झालं असेल अशी आशा करतो, आणि नसेल झालं तर त्याला मी कारण नाही हे सांगायलाच हे पत्र.

परवा अनिताने फोनवर तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या संजीवनीला, जे विचारलं (आणि विचारता विचारता ती हसली की रडली हे आम्हाला नीट कळलं नाही) त्याचं उत्तर आधी लिहितो: नाही. तसलं काहीही नाही. आमचा हर्षित लग्नाचा झालाय, त्याच्यासाठी तुम्हीच शहापूरची मुलगी सुचवलीत, आणि अशा वेळी त्याच्या आईबद्दल अशी बातमी वाशिंदपर्यंत जावी याचं मला किती वाईट वाटतं हे तुम्हाला कळेल. मुलीकडच्यांच्या कानावर गेलं असेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखवा. फोनवर सांगितलं असतं, पण मी निम्म्यावर येतो तोच तुम्हाला हसू फुटतं आणि मग रेंज गेली म्हणून ठेवून देता.

तर या सगळ्याचं मूळ आपला ट्रॅक्टर. दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे तुम्ही तो टेम्पोत घालून आमच्याकडे पाठवलात. काय तो रंग. दसऱ्याच्या पूजेसाठी तुम्ही तो स्वतः रंगवलात म्हणे, एवढ्याशा ट्रॅक्टरला इतका लाल रंग मी कुठे पाहिला नव्हता. (छोटा ट्रॅक्टर घ्यायचा, दोघांच्यात मिळून घ्यायचा आणि निम्मं वर्ष एकाकडे, निम्मं दुसऱ्याकडे ठेवायचा, ही कल्पना तुमची होती. मी काही म्हणत नाही.) टेम्पोवाल्याकडून निरोपही आला होता की नांगर लावण्याआधी ग्रीस मारून घ्या. मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

भेंडीची जमीन करायची होती म्हणून ट्रॅक्टर काढला आणि पहिल्याच वळणावर पुढच्या चाकाजवळून असा आवाज आला की गोठ्यात गाय उठून उभी राहिली. डावीकडे वळवला की विव्हळायचा, उजवीकडे वळवला की कण्हायचा, आणि सरळ चालवला तर पुढे वळायचंय या भीतीने आधीच कुरकुरायचा. मग मी पेटीतून ग्रीस गन काढली. ही गन भरायची म्हणजे मागचा दांडा ओढायचा, आत हाताने ग्रीस कोंबायचं, झाकण फिरवायचं आणि दांडा सोडायचा. मी दांडा आधी सोडला. ग्रीस ओसरीच्या पत्र्याला लागलं, थोडं माझ्या मिशीला लागलं आणि उरलेलं एका कोंबडीला, जी तिथे कारण नसताना उभी होती. ती कोंबडी त्यानंतर दिवसभर घरात फिरली. कुठे कुठे फिरली ते आम्हाला तिच्या पायांच्या ठशांवरून कळत गेलं, देव्हाऱ्यापर्यंत.

आता ग्रीस मारायचं कुठे? ट्रॅक्टरच्या पुस्तकात चित्र आहे, चित्रात बाण आहेत, आणि बाणांच्या टोकाला ग्रीस घ्यायची निप्पलं आहेत. निप्पल म्हणजे वालाच्या दाण्याएवढं लोखंडी बोंड, त्यावर गनचं तोंड बसवून दाबलं की ग्रीस आत सांध्यात जातं. चित्रात निप्पलं होती. ट्रॅक्टरवर नव्हती. मी खाली झोपून पाहिलं, बसून पाहिलं, संजीवनीच्या हातातल्या आरशात पाहिलं. शेवटी एक गोल टोक सापडलं, त्यावर गन लावली आणि सकाळभर हापसत बसलो. ग्रीस जात होतं, पण आत नाही, माझ्या बाहीत जात होतं. तो बोल्ट होता. मग संजीवनी चहा घेऊन आली, वाकली, नखाने एके ठिकाणी खरवडलं आणि म्हणाली, "रंगाच्या खाली हाय सगळं."

रविंद्रराव, तुम्ही निप्पलंसुद्धा रंगवलीत. एकही सोडलं नाहीत. एकावर एक हात देऊन अशी सारखी केलीत की बोटालासुद्धा उंचवटा लागू नये. इतक्या मन लावून तुम्ही घराला रंग दिला असतात तर अनिताने तुमचे पाय धरले असते. मी रागावलेलो नाही. रागाच्या भरात मी फक्त कोयतीच्या पाठीने एका निप्पलावर जरा ठोकलं, रंग उडावा म्हणून. निप्पल उडालं.

मग नवीन आणायला मुरबाडला निघालो. दारात आई बसली होती, तिने विचारलं कुठे, मी मोठ्याने सांगितलं (तिला कमी ऐकू येतं, म्हणजे जेवढं नको तेवढंच येतं) की निप्पल आणायला चाललोय, संजीवनीने सांगितलंय. आईला निप्पल म्हणजे एकच ठाऊक, बाळाच्या दुधाच्या बाटलीचं. तिने माझ्याकडे पाहिलं, आत संजीवनीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, खोकला आला.

मुरबाडला दुकानदाराने विचारलं, सरळ पाहिजे की वाकडं? मला काय माहीत. घरी फोन लावला. संजीवनीचा फोन खुंटीला टांगलेला असतो, तो आईने घेतला. मी म्हटलं, आई, संजीवनीला विचार, सरळ हवं की वाकडं? तर आई म्हणाली, "देव देल तसं घ्यावा, देवजी. वाकडं बोलू नये." मला वाटलं, हिला ऐकू आलं नाही. मी आणखी ओरडून सांगितलं की बरं, मी दोन्ही घेतो, एकावर भागायचं नाही. पलीकडून धप्प असा आवाज आला. नंतर कळलं की आई खाली बसली होती आणि शेजारच्या धोंडीबाईला हाका मारत होती, कारण आता जुळं होतं.

धोंडीबाईचं तुम्हाला माहीतच आहे. तिच्या फोनमध्ये रिचार्ज कधी संपत नाही. माझी मोटारसायकल टोकावड्याला पोचायच्या आत बातमी तिथे पोचून, चहा पिऊन पुढे वाशिंदकडे निघाली होती. आणि टोकावडे म्हणजे माझी सासुरवाडी. ढाब्यापाशी धाऊ उभा. त्याने मला गाडीवरून उतरवलं आणि मिठी मारली. आपला मेहुणा गेल्या लग्नात पंगतीवरून रुसला तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हता, त्यामुळे मला गहिवरून आलं. वाटलं, ट्रॅक्टरचं ऐकून पाघळला.

आता आमचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. धाऊ म्हणाला, दाजी, या वयात? मी म्हटलं, वयाचं काय घेऊन बसलास, नीट काळजी घेतली तर अजून पुष्कळ वर्षं काम देईल. त्याने विचारलं, ताईला त्रास होतो का? मी म्हटलं, तिला कसला त्रास, खाली झोपून माझीच कंबर गेली. त्याने दोन चहा सांगितले. मग मला आपलं तुमच्यावर बोलावंसं वाटलं (चूक झाली, पण माणूस दमलेला होता) आणि मी म्हटलं, "धाऊ, खरं सांगू? ह्यात माझा काय हात नाय. रविंद्ररावांनी दसऱ्याला करून ठेवलंय सगळं. मला दिवाळीनंतर कळलं."

धाऊने चहाचा ग्लास खाली ठेवला. दसऱ्याला संजीवनी अनिताकडे राहायला आली होती, हे त्याच्या लक्षात होतं. माझ्या नव्हतं. त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, ताई काय म्हणते? मी म्हटलं, तिलाच माझ्या आधी कळलं. ती म्हणते, झालं ते झालं, आता आपल्यालाच निस्तरायला हवं. धाऊने माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाला, दाजी, तुमी देवमानूस. मी म्हटलं, त्यात काय, साडूच आहे आपला, त्याने हौसेने केलं. तेव्हा तो उठून गेला. चहा मी संपवला, दोन्ही ग्लासांतला.

घरी आलो तर अंगणात गावातल्या निम्म्या बायका. धोंडीबाईने डिंकाचा डबा आणलेला, आई दृष्ट काढायला मीठ-मिरच्या घेऊन बसलेली, आणि जिची दृष्ट काढायची तीच घरात नाही. ती कुठे? तेवढ्यात शेताकडून ट्रॅक्टरचा आवाज आला, आणि विव्हळणं अजिबात नाही. मी निघून गेल्यावर संजीवनीने रॉकेलचा बोळा आणि केसांतला आकडा घेऊन रंग काढला होता, एकेक निप्पल शोधलं होतं, सगळीकडे ग्रीस मारलं होतं, मोडलेल्या जागी चिंधी कोंबली होती आणि ती नांगर लावून भेंडीच्या शेतात गेली होती. चालवायला तुम्हीच शिकवलंत तिला गेल्या साली. हेही धाऊला सांगायची सध्या गरज नाही.

बायका धावल्या. अशा अवस्थेत ट्रॅक्टरवर, असं म्हणत सगळ्या बांधावर, पुढे आई, आणि आईचे गुडघे त्या दिवशी कुरकुरल्याचं कोणी ऐकलं नाही. संजीवनीने ट्रॅक्टर थांबवला. काय झालं, विचारलं. आईने सांगितलं, धोंडीबाईने सांगितलं, मग सगळ्यांनी एकदम सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल झाला आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला हर्षितच्या जन्माच्या आधीचे दिवस आठवले. मी खिशातून पुडी काढली, सोडली आणि हात पुढे केला. हातावर निप्पलं. सरळ आणि वाकडी.

आईने एक निप्पल उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, ह्यातून पोर दूध पिईल कसा? आणि मग संजीवनी हसायला लागली. सीटवर बसून, स्टेअरिंगवर डोकं टेकून ती इतकी हसली की मला आधी वाटलं रडतेय. गेली कित्येक वर्षं ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी आणखी एक निप्पल मोडायची माझी तयारी आहे. मग ती आईला म्हणाली, "आई, बालंतपन ट्रॅक्टरचा होता. झाला सुखरूप. घरी चला." डिंकाचा डबा धोंडीबाईने परत मागितला नाही. लाडू करून आम्ही खाल्ले. ट्रॅक्टरपेक्षा मला जास्त मानवले.

तर असा हा खुलासा. अनिताला समजावून सांगा, मुलीकडच्यांनाही सांगा. कळावे, लोभ होता तेवढा तरी राहावा.

आपला थोरला साडू,
देवजी

ता. क. धाऊला मी दोनदा समजावलं. तो म्हणतो, दाजी, तुमी मोठ्या मनाचे, तुमी झाकणारच. रविवारी तो भावकीतले दोघे घेऊन तुमच्याकडे येणार आहे. दार उघडा, चहा द्या, आणि तो काही बोलायच्या आत रंगाचा डबा आणि ब्रश दाखवा. अनिताला शेजारी उभी करा. हसू नका.

पुन्हा ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. चैत्र संपला की ट्रॅक्टर तुमच्याकडे यायचा, हे मला मान्य आहे. मी शब्दाचा पक्का आहे. पण संजीवनी आता तो सोडायला तयार नाही, वाडीतल्या बायकांच्या जमिनी करून देते म्हणते, आणि तिच्यापुढे बोलायची माझी छाती नाही. तरी यंदाचा उन्हाळा ट्रॅक्टर इथेच राहू द्यावा. माझ्यासाठी नको, तुमच्या मेव्हणीसाठी. मला त्यात काहीही रस नाही.

रविंद्र दाजी, मी संजीवनी. लिहून झाल्यावर हे अंघोळीला गेले, म्हणून दोन ओळी. ट्रॅक्टर उद्या न्या, माझी काय हरकत नाही, वाडीतल्या बायकांचं मी यांच्या पत्रातच आता वाचलं. यांचाच जीव अडकलाय त्यात. रोज सकाळी गन घेऊन बसतात. ट्रॅक्टर संपला, मग दाराच्या बिजागऱ्या झाल्या, विहिरीचा रहाट झाला, माझ्या शिलाई मशीनला मारलं तर हर्षितचा नवा सदरा गेला. तेव्हा ट्रॅक्टर न्याल तर यांनाही थोडे दिवस घेऊन जा. गन इथे ठेवा. कालपासून सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघतायत.