दादा, पिक हातात राहत नाही

प्रिय दादा,

काल दुपारी तुझ्या गिटारच्या पोटातून तार छेडायची दोन पिक बाहेर पडली. हिरवं होतं ते माझं. दुसरं काळं, एका कडेने झिजलेलं. ते तुझं, असं वहिनीने पाहताक्षणी सांगितलं. मग पदराला पुसून, उजेडात धरून तिने पुन्हा एकदा खात्री दिली. तेव्हा बातमी पक्की समज.

तू गेलास तेव्हा आमच्या पेपरातले सगळे म्हणाले, भावावर लिही. मी लिहिलं नाही. चांगलंचुंगलं लिहिण्यासारखं खूप होतं, पण प्रत्येक वाक्य तुझ्या फोटोखाली छापण्यासारखं होत होतं. आज लिहायला बसलो, कारण आज मला तुझा राग आलाय. खरंच आलाय!

आधी सांगतो काय झालंय ते. मयूरीचं लग्न ठरलं. मुलगा वैतरण्याचा आहे, तू पाहिला होतास, तोच. वर्षाच्या आत करायचं असं मोठ्यांनी ठरवलं, वहिनीनेही मान हलवली. येत्या रविवारी हळद आहे, आपल्याच अंगणात, घिवलीला. मांडवाचे बांबू येऊन पडलेत.

आणि तुझ्या लेकीने एकच मागणं मागितलं. तेही माझ्याकडे.

"काका, बायआत्या हळदीची गाणी म्हणेल तेव्हा बाबांची गिटार वाजली पाहिजे."

मी म्हटलं, "अगं, बोईसरहून चांगला वाजवणारा आणू."

"बाहेरचा नको. बायआत्या नावं घेते ना, त्यात बाबांचं नाव येईल. त्यानंतर गप्प नको राहायला, काका. तुम्ही वाजवा."

नाही कसं म्हणणार? तूच सांग!

ते गाणं तुला माहीत आहे, पण मला आता त्यातला एकेक खाचखळगा पाठ झालाय. नवरीला हळद कोणी कोणी लावली, ते बायआत्या सांगत जाते. आजीने लावली, आत्याने लावली, मावशीने लावली. प्रत्येकीचं नाव. मग आई आणि शेवटी बाप. प्रत्येक नाव झालं की ती श्वास घेते, आणि त्या श्वासाच्या जागेत तू तार छेडायचास. एकदाच, वरपासून खालपर्यंत, भरून. गावातली कुठलीही हळद असो, डीजेवाले केबल गुंडाळून बाजूला उभे राहायचे आणि आधी आत्याचं गाणं आणि तुझी गिटार व्हायची. ही आपल्याकडची जुनी रीत नाही, तूच घातलेली सवय. पण लोक आता रीत असल्यासारखेच वाट पाहतात.

म्हणून मी या वयात गिटार शिकायला लागलो.

बोईसरला स्टेशनच्या पलीकडे एक क्लास आहे. रोझलीन टीचर म्हणून वसईकडच्या बाई शिकवतात. वयाने मयूरीपेक्षा थोड्या मोठ्या. मला म्हणाल्या, "अंकल, कॉर्ड दोनच लागतील. त्या येतील तुम्हाला." आणि आल्या, दादा! डाव्या हाताने दगा दिला नाही. बोटांची टोकं सोलली, मग निबर झाली. दोन कॉर्ड बसल्या.

अडकलो ते उजव्या हातात. त्या एवढ्याशा प्लॅस्टिकच्या तुकड्यात!

नखाएवढी ती चकती. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या कडेमध्ये धरायची, टोक जेमतेम बाहेर ठेवायचं आणि मनगट मोकळं सोडायचं. ऐकायला किती सोपं! मी तार छेडायला गेलो की पिक आधी तिरकं होतं, मग आडवं होतं, मग बोटांत गोल फिरून पाठ दाखवतं. सैल धरलं तर उडतं. घट्ट धरलं तर मनगट लाकडासारखं होतं, पिक तारेत अडकतं आणि तरीही उडतं. कधी मांडीवर पडतं, कधी पलंगाखाली. बहुतेक वेळा त्या भोकातून सरळ गिटारच्या पोटात. मग गिटार डोक्यावर उलटी धरून हलवत बसायचं. शेजारच्या चाळीतला कामगार परवा दारातून डोकावून विचारत होता, "चाचा, कुछ गिर गया क्या?" मी म्हटलं, "रोज गिरता है."

जाड पिक आणलं, पातळ आणलं. पिकला सँडपेपर घासला. बोटाला पावडर लावली. वहिनीने सुचवलं, दोऱ्याने अंगठ्याला बांधा. तेही केलं. दोरा तारेत गुंतला आणि मी गिटारला बांधला गेलो. वहिनी पोट धरून हसली. तिच्यावर चिडायचा मला हक्क नाही, ती किती दिवसांनी हसत होती! पण चिडलो.

पिक सोडून बोटांनी वाजवू म्हटलं, तर बाहेर अंगणात आवाजच पोचत नाही. बायआत्याला एका कानाने कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "वशा, तू वाजवतं का नुसतं खाजवतं?"

शेवटी टीचरनी माझा हात हातात घेऊन नीट पाहिला. "अंकल, तुम्ही आधी काय काम करायचे?"

"बातम्या लिहितो."

"त्याच्या आधी?"

मग मला कळलं. दादा, आपण अप्पांच्या हाताखाली पाटावर डाय कोरायला बसायचो ते आठवतंय ना? सोनारांच्या दागिन्यांचे ते लोखंडी साचे. तू जन्मभर तेच केलंस, मी कॉलेज होईपर्यंत. छिन्नी चिमटीत धरायची आणि हातोडी पडताना ती केसभरही हलता कामा नये. शेवटचा ठोका सगळ्यात महत्त्वाचा. नक्षीचं टोक तिथे उमटतं. त्या ठोक्याला अप्पा मागून म्हणायचे, "आवळ!" आणि आपण आवळायचो. नखं पांढरी होईपर्यंत.

माझा हात अजून आवळतोय! पेन हातात घेऊन उभी हयात गेली, पण चिमटीत काही पातळ आणि टोकदार आलं की हाताला छिन्नीच वाटते. टीचर म्हणतात सोडा. आपल्या घरात सोडलं की डाय फुकट जायची. हे मी त्या पोरीला कसं समजावू? ती म्हणाली, "नाजूक धरा, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं." मी घरी येऊन तसं धरलं. पिल्लू उडालं.

आणि गंमत बघ. आत्याबरोबर तालीम करताना आजीचं नाव येतं, तार बरी वाजते. आत्याचं येतं, बरी वाजते. मावशी, आई, ठीक. मग तुझं नाव येतं. ती तुझं नाव जसं लांबवते ना, तसं कोणाचंच लांबवत नाही. मला आधीपासून माहीत असतं की आता ते येणार. आता महत्त्वाचा ठोका. हात आवळतो, आणि पिक जातं. बाकी सगळ्यांच्या नावाला तार आणि तुझ्या नावाला टुक्क! पाठोपाठ मी गिटार उलटी करून हलवतोय. रोज हेच. तुझी लेक बाजूला बसून ओठ चावते आणि म्हणते, "होईल काका." ते 'होईल' मला ऐकवत नाही.

तुझंही बालपण त्याच पाटावर गेलं. तुझा हात तर जास्त आवळलेला असायला हवा होता. मग तुला कसं जमायचं? इतकी वर्षं तुझ्याशेजारी बसून वडे खाल्ले, तू एकदाही काही बोलला नाहीस. मी विचारलं नाही म्हणतोस? अरे, मला काय माहीत होतं मला कधी लागणार आहे म्हणून!

तर काल दुपारी. वहिनी ओटीवर माहेरून, वाणगावहून आलेल्या मिरच्यांची देठं मोडत बसली होती. बायआत्या खांबाला टेकून गात होती. तुझं नाव आलं आणि पिक आत गेलं. या वेळी मला इतका संताप आला की मी गिटार उलटी धरून धोपटलीच. हिरवं बाहेर आलं आणि त्याच्या मागोमाग ते काळं. आत कुठल्यातरी पट्टीला अडकून बसलेलं.

मी विचारलं, "वहिनी, हे कुणाचं?"

तर ती हसायला लागली. मिरचीचे हात, डोळे पुसता येईनात. "आणि कुणाचं? त्यांचंच हाय हे. आत किती गेली असतील आनि किती काढली असतील. त्यांचा पन पडायचा."

"दादाचं पडायचं?"

"मंग! तुमाला काय वाटलं? शर्टाच्या खिशात मूठभर घेऊन बसायचे. नेमका नावाला पडायचा. कुणी जवळचं मानूस असलं की हमखास."

मी म्हटलं, "मी इतक्या हळदी पाहिल्या. एकदाही दिसलं नाही."

"कसा दिसल? पडला का हात गिटारवर मारायचे, ढब्ब करून. तंवर ही लांबवायची." वहिनीने बायआत्याकडे बोट केलं. "तवर दुसरा काढायचे खिशातून."

बायआत्या म्हणाली, "मी नाय लांबवली तर काय करायचा तो? एवढा मोटा वाजवनारा, निम्मा वेळ खिशातच हात!"

ढब्ब! दादा, ती थाप! ती तुझी खास थाप, जिच्यासाठी लोक माना डोलवायचे. "यांची ती नावावरची थाप, वा!" मीही म्हणायचो. एवढंच नाही, मी टीचरना ती थाप शिकवायला सांगितली होती. त्यांनी ऐकून सांगितलं, "ते खूप पुढचं आहे अंकल, अजून वेळ लागेल." आणि तू पिक पडलं म्हणून लाकडावर हात मारत होतास!

मला हसू आलं नाही. राग आला. इतके दिवस मी ज्या हाताशी बरोबरी करायला बघत होतो, तो माझ्यासारखाच हात होता. त्याच पाटावरचा, तेवढाच आवळणारा. हे तू सांगू शकला असतास. एका वाक्यात सांगू शकला असतास, वडा खाता खाता. आपल्या घरात पुरुष एकमेकांना बिघडलेली डाय दाखवत नाहीत, ती पाटाखाली सरकवतात. अप्पांची ही सवय तू गिटारलाही लावलीस होय?

हिरवं हातात घेतलं, काळं खिशात टाकलं. मग बायआत्याला म्हटलं, पुन्हा म्हण.

तिने म्हटलं. खोटं कशाला सांगू, पिक पुन्हा पडलं. या वेळी जमिनीवर. मी वाकायला लागलो तर ती गाता गाताच ओरडली, "वाकतं काय? मार!" मी लाकडावर हात मारला. तिने तुझं नाव आणखी ओढलं, ओढतच राहिली, या वयात कुठून आणते तो श्वास देव जाणे. मी खिशातून दुसरं काढलं आणि तार छेडली. वेडीवाकडी लागली, खालच्या दोन तारा राहूनच गेल्या. पण लागली.

मयूरी आतून धावत बाहेर आली. माझ्यापुढे पडलेलं पिक उचलून तिने माझ्या खिशात टाकलं आणि परत आत गेली.

म्हणजे पिक धरायला मला आलेलं नाही, हे तुला स्पष्ट सांगतो. आजही सकाळी पडलं. रविवारपर्यंत येईल असं टीचरही म्हणत नाहीत. त्यांचा अंदाज, पावसाळा संपेपर्यंत हात सैल होईल. हळद काही तोवर थांबणार नाही.

रविवारी ऊन उतरलं की मयूरी पाटावर बसेल. बायआत्याने डीजेवाल्यांना सांगून ठेवलंय, माझं होईपर्यंत वायर लावलीत तर हळद तुमच्याच तोंडाला फासीन. वहिनी समोर बसणार नाही म्हणते, आत भांड्यांजवळ थांबेन म्हणते. मला वाटतं, आईचं नाव आलं की ती दारात येईल. त्यानंतरचं नाव तुझं.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. लग्न उरकलं की आणखी एक पत्र लिहून सविस्तर भांडेन. पण एवढा शब्द देतो. तुझं नाव संपेल आणि तुझी लेक मान वर करेल, तेव्हा तिला नुसती शांतता ऐकू येणार नाही. तारेचा निघो नाहीतर लाकडाचा, आवाज निघेल. मी वाकून काही शोधत बसणार नाही, तिच्याकडे बघत असेन.

तुझा धाकटा,
वसंता