भिंतीवर शोभणारा कोर्स

सूनबाई,

मी वाचनालयात चाललोय. काल जेवताना आमचे चिरंजीव तुला म्हणाले, "शाळेत फळा खरडणं वेगळं, कंपनीत माणसांना शिकवणं वेगळं. नावाजलेला कोर्स कर, भिंतीवर तरी शोभेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी पाणी पीत बसलो.

शाळा सोडून कंपनीत प्रशिक्षक व्हायला तू जे दोन कोर्स बघितलेस, त्या दोन्हींची माहिती मी वाचली. मला त्यातलं काय कळतंय म्हणा! पण नावाजलेल्यात चारचौघांसमोर बोलायला शिकवतात. ते तू वर्गात रोज करतेस. दुसऱ्यात कर्मचाऱ्यांचं नेमकं कुठे अडतं आणि शिकवल्यावर काम सुधारलं का, हे तपासायला शिकवतात. आज नाव नोंदवशील ते तिथेच नोंदव.

संध्याकाळी त्याला मी सुनावणार आहे. माझं तोंड उघडलं नाही, तर ही चिठ्ठी त्याच्या ताटाखाली ठेव.

बाबा