इटलीहून आणलेल्या काड्या

नवी पेठ, सोलापूर
रविवार, १३ मार्च १९७७

प्रिय नागप्पा,

रामहरीचा शरणार्थ. शिवबाई वहिनींना नमस्कार, दाक्षायणीला आशीर्वाद. आमच्याकडं सगळी खुशाल आहेत. केसरचे गुडघे दुखतात, पण ते काही नवं नाही.

अडीच वर्षांनी लिहितोय. मध्यंतरी राहूनच गेलं. बागेची कामं तुला माहीत आहेत, छाटणी झाली की बांधणी, बांधणी झाली की फवारणी. आत्ता मेव्हण्याच्या कापडाच्या दुकानात बसलोय. समोर एक बाई पाऊण तास खणांचे रंग बघतेय, अजून एकही मनाला आला नाही.

सोबत अक्कलकोटच्या गाडीनं द्राक्षांची एक पेटी पाठवतोय. कुंभारीला आमच्या विहिरीच्या कोपऱ्यात दोन नव्या वेली आहेत, त्यांचं हे पहिलंच पीक. मणी अंगठ्याच्या पेराएवढा, रंग सोनेरी, तोंडात टाकला की वास नाकापर्यंत चढतो. टेंभुर्णीपासून माणसं बघायला येतात. द्राक्षातलं तुझ्याइतकं आमच्यात कुणालाच कळत नाही, म्हणून तू खाऊन सांग.

ही द्राक्षं बघितली की आपली इटलीची सफर आठवते. द्राक्ष बागायतदार संघाचे आपण अकरा जण, चौऱ्याहत्तरचा सप्टेंबर. तू परक्याच्या अंथरुणावर झोपणार नाहीस म्हणून घोंगडं आणि सोलापुरी चादर घालून बांधलेली ती वळकटी! रोमच्या हॉटेलात हमालानं ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि तुला विचारलं, यात वाद्य आहे का. बारी गावाच्या बाजूचे मांडव बघून तू म्हणालास, "रामहरी, ही तर कुंबारीच की रं, निस्ता दगूड पांढरा हाय." मग कियांतीच्या टेकड्या, गवताच्या टोपड्यातल्या त्या बाटल्या, आस्तीची जमिनीखालची तळघरं. जिथं जाऊ तिथं पेला पुढं यायचा. तू तो दोन्ही हातांनी घ्यायचास, कपाळाला लावायचास आणि जसाच्या तसा परत द्यायचास. त्या लोकांना वाटायचं, आपल्या दारूची हा पूजाच करतो. तुझ्या वाटणीची बहुतेक मीच प्यायलो. आणि बारीची ती काळ्या कपड्यांतली म्हातारी! वहिनींनी बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तू तिच्या हातावर ठेवलीस. तिला असा ठसका लागला की अर्धी बाटली एका दमात रिकामी केली.

येत्या २७ तारखेला संघ माझा सत्कार करणार आहे, या नव्या जातीबद्दल. तू यावंस असं फार वाटतं. विमानतळावरचा तो प्रकार आता मनात ठेवू नकोस. सरकारी माणसं, त्यांचे कायदे. लोक विसरलेसुद्धा. तू बाग काढून, मांडवाच्या तारा उतरवून वहिनींच्या माहेरी निघून गेलास याचं मात्र वाईट वाटलं. एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं.

बाई उठली. काही न घेता गेली. पेटी मोटारीवर चढवायची आहे, म्हणून थांबतो.

तुझा,
रामहरी

•

२० मार्च १९७७

ती. रामहरीकाकांस, दाक्षायणीचा साष्टांग नमस्कार.

अप्पांना कन्नडच लिहिता येतं, म्हणून ते सांगतील तसं मी लिहिते आहे.

पेटी पोचली. अप्पांनी एकच मणी खाल्ला. बराच वेळ तोंडात घोळवला. म्हणाले, "लिही. बी दोन हायत. साल जाड हाय, लांबच्या बाजाराला टिकंल. पानी कमी कर म्हनावं, न्हायतर मन्याला चीर पडंल." मग पेटी पुन्हा बांधायला लावली. ती परत पाठवत आहोत.

पेटीबरोबर एक पंचा आहे. तो अप्पांच्या ट्रंकेत तळाशी होता. "रामहरीचा हाय, त्येला दे," एवढंच म्हणाले. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं 'रा. जो.' भरलंय, टाका केसरकाकूंचा आहे, म्हणजे तुमचाच. तो आमच्याकडं कसा, असं विचारलं तर म्हणाले, "फुडं लिही."

सत्काराला येणं जमणार नाही.

आता हे माझं आहे, अप्पांना वाचून दाखवणार नाही. लोक विसरले असं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडं कुणी विसरलं नाही. गेल्या महिन्यात एक स्थळ आलं होतं. पोहे खाता खाता त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "विमानतळावर पकडले ते तुम्हीच का?" अप्पा उठून गोठ्यात गेले, ते लोक जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. अक्कलकोटला ठरलेलं माझं लग्न मोडलं तेव्हाही ते असेच गप्प होते. मी दोन वर्षं त्यांच्याशी नीट बोलले नाही, काका. द्राक्षवेलीच्या मूठभर काड्यांसाठी त्यांनी असं का केलं, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्ही बरोबर होता. तुम्हाला ठाऊक असेल तर मला लिहा.

दाक्षायणी

•

कुंभारी
बुधवार, ३० मार्च १९७७

नागप्पा,

हे पत्र तुला दाक्षायणी वाचून दाखवेल, हे मला माहीत आहे. दाक्षायणी, मधे थांबू नकोस. तू मला एक विचारलं आहेस, त्याचं उत्तर यातच आहे आणि ते तुझ्या अप्पांसमोरच मोठ्यानं वाचलं गेलं पाहिजे.

पार्सल केसरनं उघडलं. पंचा उलगडून तिनं कोपरा बघितला आणि म्हणाली, "ह्यो तर इटलीत हरवला म्हनला हुता की तुमी." मी पंचा तिच्या हातातून घ्यायला गेलो. ती पुन्हा म्हणाली, "कुटं हुता ह्यो?" तेव्हा मी सांगितलं. अडीच वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दाक्षायनीचं लगीन मोडलं तवा मी तितं जाऊन शिवबाईच्या गळ्यात पडून रडून आले. बापाच्या चुकीचं पोरीनं किती सोसायचं, असं बोलून आले. ठावं हुतं तर मला कशाला पाटिवलंत वो?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते.

नागप्पा, तुझ्या वळकटीत सापडलेल्या काड्या मी ठेवल्या होत्या.

तुला हे माहीत आहे. मी तुझ्यासाठी नाही, दाक्षायणीसाठी लिहितोय, सगळं आहे तसं.

बारीच्या म्हातारीच्या मांडवाखाली मी ते सोनेरी द्राक्ष खाल्लं आणि माझं डोकं फिरलं. दुभाष्यानं सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं, की कागदपत्रांशिवाय इथली एक काडीही नेता येणार नाही, आपल्या सरकारची बंदी आहे, काडीबरोबर रोग येतात. मी मान हलवली होती. दुपारी सगळे जेवायला बसल्यावर मागं जाऊन पिकलेल्या, लावायला येतील अशा काड्या कापल्या. सोळा. पुढचे बारा दिवस त्या माझ्या ट्रंकेत ओल्या फडक्यात होत्या. टेकड्या, तळघरं, सगळीकडं मी तुमच्याबरोबर हसत होतो, पण लक्ष ट्रंकेत होतं. मुक्कामाला पोचलो की आधी फडकं ओलं करायचो. तुला सांगायचो, अंघोळीला जातो.

निघायच्या दिवशी रोममध्ये तू खरंच अंघोळीला गेलास, तेव्हा चार काड्या माझ्या छत्रीत घातल्या आणि बारा पंच्यात गुंडाळून तुझ्या घोंगड्याच्या घडीत. तुझ्याच का? तुझ्याकडं बघून कुणाला शंका येणार नाही म्हणून. आणि खरं सांगायचं तर, सापडल्याच तर मी सापडू नये म्हणूनही. वाइनच्या नशेत केलं असं लिहावं, असं गेले चार दिवस मनात येत होतं. ते खोटं होईल. सकाळचे सात वाजले होते. मी नुसता चहा घेतला होता.

मुंबईला सांताक्रूझ विमानतळावर कस्टमवाल्यांनी वळकटी सोडली. दाक्षायणी, मी तिथून दोन माणसं मागं उभा होतो, छत्री हातात घेऊन. तुझे अप्पा काड्यांकडं बघत राहिले. त्यांना काहीच उमगेना. मग त्यांचं लक्ष पंच्याच्या कोपऱ्याकडं गेलं. त्यांनी तो कोपरा मुठीत धरला. साहेबानं विचारलं, "काड्या कुठून आणल्या?"

"वळकटी माझी हाय, साहेब."

"ते कळलं. काड्या कुणी दिल्या?"

"वळकटी माझी हाय."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मागं वळून बघितलं. एकदाच. मी वाकलो आणि बुटाची नाडी बांधायला लागलो. सुटलेली नव्हती. मान वर केली तेव्हा साहेबाची माणसं त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली होती आणि माझ्या पुढची रांग सरकली होती. माझी छत्री कुणी बघितलीसुद्धा नाही. बाहेर संघाची गाडी उभी होती. मी तिच्यात बसलो. कुणी तरी म्हणालं, "नागप्पा असा निघंल असं वाटलं नव्हतं." मी म्हणालो, "मलाबी."

हे "मलाबी" मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. केसरलाही नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पेपरात नाव आलं, संघानं तुला काढलं, अक्कलकोटच्या मल्लप्पांनी ठरलेलं लग्न मोडलं. छत्रीतल्या चारपैकी दोन काड्या माझ्याकडं जगल्या. विचारणाऱ्यांना मी सांगितलं, बंगलोरकडच्या एका ओळखीच्या माणसानं दिल्या.

दाक्षायणी, तुझ्या अप्पांनी असं का केलं, असं तू विचारलंस. त्यांनी काहीच केलं नाही. मग ते बोलले का नाहीत? ते मला माहीत नाही. मला वाचवायचं होतं, की मी आपण होऊन पुढं येईन म्हणून वाट बघत होते, की एवढ्या माणसांत दोस्ताचं नाव घ्यायची त्यांना लाज वाटली? मला विचारायला तोंड नाही. तू विचार.

रविवारी सत्काराला गेलो. शाल अंगावर घालायच्या आधीच उभा राहिलो आणि म्हणालो, "ह्या काड्या मी चोरून आणल्या. नागप्पाच्या वळकटीत मीच ठेवल्या होत्या." मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. दोघं-तिघं खुर्चीत सरकून बसले. मग अध्यक्ष म्हणाले, "बसा रामहरीराव, जुनं झालं ते." आणि मागून कुणी तरी ओरडलं, "ते ऱ्हाऊंद्या, यंदा काड्या देनार का न्हाय तेवडं सांगा की!" सगळे हसले, नागप्पा. तुझं नाव घेतलं आणि ते हसले. मी शाल घेतली नाही. तुला काढलं ते चुकीचं होतं, असं बुकात लिहून घ्या, म्हणालो. चिटणीस म्हणाले, पुढच्या सभेत बघू. त्यांनी लिहून सही करीपर्यंत मी खुर्चीवरून हाललो नाही. त्याची नक्कल सोबत आहे. पेपरवाले म्हणाले, शिळी बातमी आहे. म्हणून जाहीर खुलासा म्हणून दिलाय, शुक्रवारी येईल. मुंबईच्या कस्टमच्या कचेरीलाही रजिस्टर पत्र टाकलंय, आता ते बोलावतील तेव्हा जाईन.

काल अक्कलकोटला मल्लप्पांकडं गेलो होतो. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकलं. म्हणाले, "पोराचं लगीन होऊन वरीस झालं. आता हे मला सांगून काय करू म्हनता?" पाण्याचा तांब्या खाली ठेवून मी उठलो. तुमचं गाव तिथून सात मैलांवर. स्टँडवर तुमच्याकडं जाणारी गाडी उभी होती. मी चढलो नाही. तुझ्या दारात येऊन उभा राहिलो असतो तर तू आत ये म्हणाला असतास, आणि ते मला सोसलं नसतं.

विहिरीकडच्या वेली मी उपटलेल्या नाहीत. उपटल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. पाणी मात्र कमी केलंय. तीन घडांवर आधीच चिरा गेल्या होत्या.

वहिनींना काय लिहू ते सुचत नाही. नुसता नमस्कार सांग. दाक्षायणी, तू दोन वर्षं अप्पांशी बोलली नाहीस, ती दोन वर्षं मी तुला देणं लागतो. ती कशी परत करायची ते मला ठाऊक नाही. हे पत्र जपून ठेव. कुठलंही स्थळ आलं आणि कुणी विचारलं, तर त्यांच्या हातात दे.

वरचा सगळा मजकूर खरा आहे. तो मी राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं आणि कसलीही नशा न करता लिहून दिला आहे.

रामहरी जोतीराम घाडगे
राहणार कुंभारी, तालुका दक्षिण सोलापूर